मुखाशी घातलेला बांध: पाक मून धरण आणि चढणीचे मासे

थायलंडच्या पूर्व टोकाला, लाओसच्या हद्दीला खेटून, खोंग चिआम नावाचं गाव आहे. मून नदी इथे मेकाँगला मिळते. तिथले लोक म्हणतात, मेकाँग चुन्याची आणि मून निळीची. संगमापाशी हे दोन रंग थोडं अंतर शेजारी शेजारी वाहतात आणि पर्यटक होडीत बसून ते पाहायला जातात. या संगमापासून मूनच्या पात्रात साडेपाच किलोमीटर वर गेलं की पाक मून धरण लागतं. थाई भाषेत 'पाक' म्हणजे तोंड. पाक मून म्हणजे मूनचं मुख.

धरण म्हणून ते तसं किरकोळच. उंची १७ मीटर, लांबी ३०० मीटर, आठ दरवाजे, चार जनित्रं, स्थापित क्षमता १३६ मेगावॅट. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच आहे हे आठवलं, तर पाक मूनला धरण म्हणावं की मोठा बंधारा, असा प्रश्न पडावा. वर्षभराचं पाणी साठवून ठेवणं हे त्याचं कामच नाही. नदीतून येईल तेवढं पाणी जनित्रांमधून पुढे काढून द्यायचं, अशी त्याची रचना. अशा प्रकल्पांना वाहत्या पाण्यावरचे प्रकल्प म्हणतात आणि पर्यावरणाच्या दृष्टीने ते सौम्य समजले जातात. मोठ्या धरणांचे फायदे-तोटे तपासायला जागतिक धरण आयोग नावाचा एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला होता. जगभरातल्या ज्या मोजक्या धरणांची त्याने मुळापासून तपासणी केली, त्यांत मात्र हे एवढंसं धरण होतं. त्याला सर्वांत मोठं कारण होतं मासे.

नदी आणि तिच्यातली ये-जा

मून नदी नाखोन रात्चासीमाच्या डोंगरात उगम पावते आणि ईसान नावाच्या कोरड्या पठारावरून पूर्वेला वाहत येते. वाटेत ची ही दुसरी मोठी नदी तिला मिळते. दोघींचं मिळून पाणलोट क्षेत्र साधारण १ लाख १७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. या सगळ्या मुलखाचं पाणी शेवटी एकाच तोंडातून मेकाँगमध्ये जातं. माशांनाही आत यायला आणि बाहेर पडायला तेवढंच एक दार.

ईसानची जमीन रेताड, जागोजागी खारवट. पावसावर भाताचं एक पीक निघतं, ते पुरेलच असं नाही. मूनच्या शेवटच्या टप्प्यात काठ खडकाळ असल्यामुळे भातशेतीला जागाही थोडी. तिथल्या गावांची खरी शेती नदीत होती. मासे विकायचे, उरलेले मीठ आणि भाताचा कोंडा घालून रांजणात आंबवून ठेवायचे, आणि ज्यांच्याकडे भात आहे त्यांना मासे देऊन भात आणायचा. हा आंबवलेला मासा आणि चिकट भात म्हणजे ईसानचं रोजचं जेवण.

आपल्याकडे कोकणात आणि घाटमाथ्यावर चढणीचे मासे म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुठे वलगणीचे मासे म्हणतात. मृगाचा पाऊस पडला, ओढ्याला लाल पाणी आलं की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतात. पाणी उथळ असतं, खाद्य भरपूर असतं आणि पिल्लांना खाणारे मोठे मासे कमी असतात. मेकाँगच्या खोऱ्यात हीच चढण होते, फक्त तिचा आवाका आपल्या कल्पनेबाहेरचा. पावसाच्या सुरुवातीला मेकाँगमधून असंख्य मासे मूनमध्ये शिरत, खडकाळ धावत्या पाण्यातून वर जात आणि शेकडो किलोमीटर वरच्या पूरमैदानांत अंडी घालत. पाणी ओसरायला लागलं की मोठे मासे आणि नवी पिल्लं परत मेकाँगच्या खोल डोहांकडे उतरत. याशिवाय ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर एक वेगळी फेरी व्हायची. तिच्यात मुख्यतः बोटभर लांबीचे 'सोई' नावाचे मासे थव्याथव्याने वर सरकायचे. पाहायला मासा मामुली, पण गरिबाच्या रांजणात तोच जायचा.

या प्रवाशांत पंगस कुळातले मासेही होते. आपल्या शहरांत हॉटेलांच्या यादीत जो बासा असतो, त्याचं मूळ घर मेकाँग. शेततळ्यात आणि पिंजऱ्यात वाढवलेला पाहून वाटत नाही, पण हे नदीत लांबवर प्रवास करणारं घराणं आहे.

मूनच्या या शेवटच्या भागात दोन प्रकारच्या जागा महत्त्वाच्या. एक 'केंग', म्हणजे खडकांवरून खळाळत जाणारं उथळ पाणी. दुसरी 'वांग', म्हणजे डोह. डोहात मासा उन्हाळा काढतो. खळाळात त्याला प्राणवायू भरपूर मिळतो, खडकांवरचं शेवाळ मिळतं, अंडी चिकटवायला दगड मिळतात. काही जाती खळाळ सोडून दुसरीकडे जगूच शकत नाहीत. धरणाच्या फुगवट्याखाली असे पन्नासहून जास्त खळाळ गेले.

माणसं वाचवण्यासाठी बदललेला आराखडा

हा भाग नीट पाहण्यासारखा आहे, कारण इथे कुणी दुष्टपणे वागलेलं नाही. मूळ कल्पना आणखी मोठ्या धरणाची होती. जागा केंग ताना या प्रसिद्ध खळाळाजवळची. १९८२ मध्ये त्या आराखड्याचा पर्यावरण अहवाल तयार झाला. त्यात विस्थापित कुटुंबांचा आकडा चार हजारांच्या घरात निघाला, शिवाय केंग ताना बुडणार होता आणि तो राष्ट्रीय उद्यानात येतो. तेव्हा थायलंडच्या वीज निर्मिती प्राधिकरणाने, म्हणजे एगॅटने, आराखडा बदलला. धरण दीड किलोमीटर वर सरकवलं आणि उंची कमी केली. विस्थापितांचा अंदाज अडीचशे कुटुंबांच्या आसपास आला. कुठल्याही सरकारी बैठकीत टाळ्या पडाव्यात असाच हा बदल.

पण नव्या आराखड्यासाठी नवा पर्यावरण अहवाल झाला नाही. जुनाच अहवाल पुढे चालवला गेला. बुडणारी घरं उंचीप्रमाणे कमी-जास्त होतात, म्हणून उंची उतरवल्यावर माणसांचं नुकसान कमी दिसलं. माशाला मात्र भिंत सतरा मीटरची की तीस मीटरची याने काडीचा फरक पडत नाही. वाट बंद झाली की झाली. ती किती वरच्या अंगाला बंद झाली, यावर सगळं ठरतं. नदीच्या उगमाजवळ, एखाद्या उपनदीच्या शेंड्यावर शंभर मीटरची भिंत घातली तर तिच्या वरचा तुकडा तुटतो. तोंडाशी सतरा मीटरची घातली तर अख्खं झाड बुंध्यापासून तुटतं. आपल्याकडे गंगेवर फराक्क्याचं उदाहरण आहे. तो वीज प्रकल्पही नव्हे, १९७५ मध्ये सुरू झालेलं नुसतं बॅरेज आहे; पण त्याआधी समुद्रातून अलाहाबादच्याही वर चढणारी हिलसा त्यानंतर वरच्या गंगेत दिसेनाशी झाली.

१९९० मध्ये पाक मूनचं बांधकाम सुरू झालं. पुढच्या वर्षी जागतिक बँकेची वार्षिक बैठक बँकॉकमध्येच भरली आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये बँकेने कर्ज मंजूर केलं. १९९४ मध्ये धरण पूर्ण झालं. ३८८ कोटी बाथचा खर्च ६५० कोटींवर गेला. पुनर्वसन आणि भरपाईची रक्कम सुमारे २३ कोटींवरून १११ कोटींवर गेली, कारण अडीचशेच्या जागी सुमारे १,७०० कुटुंबांची घरं किंवा जमिनी किंवा दोन्ही गेली.

किलो प्रति हेक्टर

माशांचा विचार आराखड्यात अजिबात नव्हता असं म्हणता येणार नाही. होता, आणि तोच मला या प्रकरणातला सगळ्यांत बोलका भाग वाटतो. हिशोब असा मांडला होता: धरणामुळे इतके हेक्टर जलाशय तयार होईल, दर हेक्टरला वर्षाला १०० किलो मासे मिळतील, बीज सोडलं तर २२० किलो. गुणाकार केला की मासेमारी उलट वाढते. कागदावर मासेमारी हा प्रकल्पाच्या फायद्याच्या बाजूला गेला.

हे गणित भातशेतीचं आहे. जमीन जितकी जास्त, तितकं पीक जास्त. जलाशय म्हणजे ओलं शेत असं धरलं की ते बरोबरही वाटतं. पण मूनचा मासा त्या हेक्टरांवर पिकत नव्हता. तो तिथून जात होता. एखाद्या घाटातल्या चहाच्या टपरीचं उत्पन्न टपरीच्या चौरस फुटांवरून काढावं आणि रस्ता बंद केल्यावरही तेच धरून चालावं, तसा हा प्रकार. आयोगाच्या अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलं की थायलंडमधले खरेखुरे साठवण जलाशयसुद्धा, जिथे पाणी महिनोन्महिने उभं राहतं, हेक्टरी १९ ते ३८ किलोच देतात. पाक मूनसारख्या वाहत्या फुगवट्यातून १० किलोची अपेक्षा ठेवणं वास्तवाला धरून झालं असतं.

धरण पूर्ण व्हायच्या आत, १९९३ मध्ये, अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ टायसन रॉबर्ट्स यांनी बँकॉकच्या सयाम सोसायटीच्या नियतकालिकात या धरणामुळे मेकाँगच्या माशांवर होणाऱ्या परिणामांबद्दल सविस्तर इशारा दिला होता. तोवर काँक्रीट ओतून होत आलं होतं.

शिडी

माशांसाठी धरणाच्या बाजूने शिडी बांधली गेली. पायऱ्यापायऱ्यांचे हौद, एकातून दुसऱ्यात पाणी पडतं, आणि मासा एकेक हौद चढत वर जातो. ही कल्पना उत्तर अमेरिका आणि युरोपातली, मुख्यतः सामन माशासाठी विकसित झालेली. सामन ताकदवान पोहणारा आहे, उसळी मारतो, अंगाने मोठा आहे, आणि त्याच्या नद्यांमध्ये चढणाऱ्या जाती बोटांवर मोजण्याइतक्या. त्या देशांतही शिड्यांचं यश सरसकट नाही.

मूनमध्ये या शिडीपुढे जे उभं राहिलं ते वेगळंच होतं. बोटाएवढ्या सोईपासून माणसाच्या उंचीच्या पंगसापर्यंत सगळे. कुणी तळाला घासत जाणारे, कुणी पृष्ठभागालगतचे, कुणी फक्त रात्री हलणारे. बहुतेकांना उडी मारता येत नाही. शिवाय चढणीचा जोर असतो तेव्हा काही दिवसांतच प्रचंड संख्येने मासे येतात. त्यांच्यासाठी शिडीची अरुंद वाट म्हणजे एकादशीला पंढरपुरात एकच दार उघडं ठेवण्यासारखं.

आणखी एक अडचण प्रत्येक शिडीला असते. मासा प्रवाहाच्या ओढीवर वाट शोधतो. जिथून पाणी जोरात येतं तिथे तो तोंड करतो. वीज प्रकल्पात सगळ्यांत जोराचा प्रवाह जनित्रांच्या खालून बाहेर पडतो आणि शिडीतून येणारं पाणी त्याच्या तुलनेत धारेएवढं. मासे जनित्रांच्या तोंडाशी घोटाळत राहतात. शिडीचं दार बाजूला असतं, ते त्यांना सापडतच नाही.

आणि समजा सापडलं, चढले, अंडी घातली. परतीचं काय? मेकाँगच्या खोऱ्यातल्या अनेक जातींची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं प्रवाहाबरोबर तरंगत खाली येतात. ती पोहत नाहीत, वाहतात. फुगवट्यात पाणी संथ झालं की ती तळाला बसून मरतात. जी पुढे येतात त्यांच्यापुढे जनित्रांची पाती आणि दाबातला एकाएकी पडणारा फरक असतो. शिडी ही फक्त वर जाण्याची सोय आहे. माशांच्या प्रवासाबद्दल बोलताना आपण कायम चढणीबद्दल बोलतो, कारण ती दिसते. उतरण गढूळ पाण्यात निमूट होते.

आयोगाच्या अहवालाचा या शिडीवरचा निष्कर्ष सरळ आहे: ती काम करत नाही, मासे तिच्यातून वर जात नाहीत.

कोळंबीचा उपाय

मासे घटल्याची ओरड सुरू झाल्यावर १९९५ पासून फुगवट्यात गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी सोडायला सुरुवात झाली. आपल्याकडे हिला स्कॅम्पी म्हणतात. भाव चांगला मिळतो, वाढ लवकर होते. पण या कोळंबीचं पिल्लू सुरुवातीला निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाही. मोठी कोळंबी नदीत राहते, अंडी द्यायला खाडीकडे जाते. मूनपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मध्ये लाओसच्या दक्षिणेचे खोन धबधबे आणि सगळा कंबोडिया, मग व्हिएतनाम. म्हणजे तिथे सोडलेली कोळंबी वाढेल, पकडली जाईल आणि संपेल. पुढच्या वर्षी पुन्हा पिशव्या आणून सोडायच्या. ज्या नदीत मासे फुकट, स्वतःच्या पायांनी म्हणा, येत होते तिथे आता दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद लागणार.

बीज सोडणं निरर्थक असतं असं नाही. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार केली जातात आणि त्या कामामुळे ही जात टिकवायला मोठी मदत झाली आहे. तीही वीज कंपनीच्याच तलावाची गोष्ट. पण तिथे एका जातीचा वंश जपण्याचा प्रश्न होता. मूनवर शेकडो जातींच्या ये-जा करण्याचा प्रश्न होता आणि उत्तर म्हणून एका परक्या पाण्यातली कोळंबी दिली गेली.

२६५ आणि ९६

पाक मूनबद्दल लिहिताना सगळे एक जोडी उद्धृत करतात. धरणाआधी मून-ची खोऱ्यात माशांच्या २६५ जातींची नोंद होती. त्यांपैकी ७७ स्थलांतर करणाऱ्या आणि ३५ खळाळावर अवलंबून असलेल्या. धरणानंतरच्या पाहणीत धरणाच्या वरच्या अंगाला ९६ सापडल्या. म्हणजे १६९ गेल्या.

एगॅटने या आकड्यांवर हरकत घेतली आणि ती सगळीच झटकून टाकण्यासारखी नाही. २६५ हा आकडा पूर्ण खोऱ्याचा, अनेक वर्षांच्या नोंदी गोळा करून काढलेला. ९६ हा एका पाहणीचा. मोठ्या जाळीने अनेक वर्षं गाळलेलं आणि लहान जाळीने एकदा गाळलेलं, यांची वजाबाकी सरळ करता येत नाही. शिवाय मूनच्या वरच्या भागात इतर धरणं होती, जंगलतोड होती, सांडपाणी होतं, जास्तीची मासेमारी होती. १६९ जाती एका पाक मूनने मारल्या असं म्हणणं मलाही पटत नाही.

पण हा घोळ झाला कुणामुळे? धरणाआधी दोनतीन वर्षं, महिन्यागणिक, त्याच ठिकाणी, त्याच साधनांनी मासे मोजले असते तर आज वाद उरलाच नसता. ती मोजणी करायची जबाबदारी धरण बांधणाऱ्याची होती. आधी मोजायचं नाही आणि नंतर 'सिद्ध कुठे झालंय' म्हणायचं, हे काही थायलंडचं वैशिष्ट्य नव्हे.

धरणाच्या लगेच वरच्या गावांत पकड ६० ते ८० टक्क्यांनी घटली, असं आयोगाच्या अभ्यासात आलं. जातींच्या यादीपेक्षा मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. यादी शास्त्रज्ञाची असते. पकड म्हणजे संध्याकाळी घरात काय आलं.

आणि वीज?

माशांच्या बदल्यात वीज किती मिळाली, हे पाहिल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. पाक मूनची वीज ऐन मागणीच्या तासांसाठी होती. थायलंडमध्ये विजेची सर्वाधिक मागणी मार्च ते मे या कडक उन्हाळ्यात. तेव्हा मूनला पाणी सगळ्यांत कमी. पावसाळ्यात मूनला भरपूर पाणी असतं, पण तेव्हा मेकाँगही फुगलेली असते. संगम अवघ्या साडेपाच किलोमीटरवर असल्याने मेकाँगचं पाणी मागे चढून धरणाच्या खालच्या बाजूची पातळी वर येते. वरच्या आणि खालच्या पाण्यात पुरेसा फरक उरत नाही आणि फरक नाही तर जनित्रं फिरत नाहीत. ती बंद ठेवावी लागतात. उन्हाळ्यात पाणी नाही, पावसाळ्यात उतार नाही.

१९९५ ते १९९८ या काळातलं रोजचं उत्पादन ऐन मागणीच्या चार तासांना लावून आयोगाच्या अभ्यासकांनी हिशोब केला, तेव्हा १३६ मेगावॅटमधून भरवशाचे म्हणावेत असे सुमारे २१ मेगावॅट निघाले. एगॅटला हाही हिशोब मान्य नव्हता. मात्र जी जागा माशांसाठी सगळ्यांत वाईट, तीच विजेसाठीही अडचणीची ठरली, आणि दोन्हींचं कारण एकच: मेकाँग फार जवळ होती.

भरपाई कशाची

१९९५ मध्ये, मोठा झगडा झाल्यावर, सरकारने बांधकामाच्या तीन वर्षांतल्या बुडालेल्या मासेमारीसाठी प्रत्येक कुटुंबाला ९० हजार बाथ द्यायचं मान्य केलं. त्यातला काही भाग रोख, बाकीचा सहकारी संस्थेत. पुढे ६,२०२ कुटुंबांना मिळून ४८ कोटी ८५ लाख बाथ दिले गेले. थायलंडमध्ये धरणामुळे गेलेल्या मासेमारीची भरपाई प्रथमच मिळत होती, ही गोष्ट लहान नाही. आपल्या भोई समाजाला विचारा, नदीतला मासा गेला म्हणून कुणी कधी सात-बारा मागितला नाही आणि दिलाही नाही.

पण तीन वर्षांची भरपाई म्हणजे चौथ्या वर्षी मासे परत येतील असं गृहीत धरणं. ते आले नाहीत. १९९७ च्या सुरुवातीला 'गरिबांची सभा' या संघटनेने बँकॉकमध्ये सरकारच्या दारात ९९ दिवस ठिय्या दिला. त्या सरकारने प्रत्येक कुटुंबाला १५ राय, म्हणजे सहा एकर, जमीन किंवा तिची किंमत देण्याचं कबूल केलं. सरकार बदललं आणि पुढच्या वर्षी नव्या सरकारने तो निर्णय रद्द केला. बांधून झालेल्या धरणांना मागे जाऊन भरपाई नाही, असं सांगून. १९९९ च्या मार्चमध्ये हजारो लोक धरणापाशीच झोपड्या टाकून बसले आणि त्या वस्तीला त्यांनी नाव दिलं, 'माता मून चिरंजीव'. मागणीही बदलली होती. पैसे नकोत, दरवाजे उघडा.

दुसरी बाजू अशी की १९९८ मध्ये जागतिक बँकेच्या मूल्यमापन विभागाने इथल्या पुनर्वसनाबद्दल बरंच अनुकूल मत दिलं होतं. घरं चांगली झाली, रस्ते आले, वीज आली. यातलं काही खोटं नव्हतं. ज्याचं घर बुडालं त्याला घर मिळालं. ज्याची नदी बुडाली तो त्या रकान्यात बसत नव्हता.

जागतिक धरण आयोगाचा उल्लेख वर आला. या आयोगात मेधा पाटकर सदस्य होत्या आणि लक्ष्मीचंद जैन उपाध्यक्ष. नर्मदेवरून जागतिक बँकेची जी कोंडी झाली, तिच्याच पुढच्या घडामोडींतून असा आयोग नेमण्याची वेळ आली. म्हणजे मूनच्या कोळ्यांची कैफियत ऐकणाऱ्या टेबलाशी धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेला अनुभव बसलेला होता. सगळे फायदे-तोटे नीट मांडले असते तर हा प्रकल्प बांधला जाण्याची शक्यता कमी होती, असं पाक मूनच्या अभ्यासाने २००० मध्ये म्हटलं.

दरवाजे उघडले तेव्हा

जून २००१ मध्ये सरकारने आठही दरवाजे उघडले. आधी चार महिन्यांसाठी, मग मुदत वाढवून वर्षभरासाठी. धरण पाडलं नव्हतं, भिंत तशीच होती, फक्त दारं वर उचललेली. नदीवरच्या धरणाचा परिणाम तपासायला एवढा स्वच्छ प्रयोग जगात फार ठिकाणी झालेला नाही, आणि तो शास्त्रज्ञांनी आखलेला नव्हता, लोकांनी भांडून मिळवलेला होता.

फुगवटा उतरला. पिबुन मांगसाहान गावाजवळचा केंग साफुए हा खळाळ, जिथे पूर्वी नववर्षाच्या सणाला गर्दी व्हायची, खडक दाखवत पुन्हा वर आला. उबोन रात्चाथानी विद्यापीठाला अधिकृत अभ्यास दिला गेला. त्याच्या समांतर गावकऱ्यांनी आपला अभ्यास सुरू केला, त्याला 'थाई बान' म्हणजे गावकऱ्यांचं संशोधन असं नाव पडलं. एका स्थानिक नदी-संस्थेचे कार्यकर्ते नोंदी लिहायला मदतीला, पण संशोधक म्हणजे मासे पकडणारी माणसंच. पकडलेला प्रत्येक मासा आणायचा, फोटो काढायचा, मग जाणत्या लोकांनी बसून त्याचं नाव, त्याची वेळ, तो कुठल्या डोहात थांबतो, कुठल्या जाळ्यात येतो, हे सांगायचं. एखाद्या माशावर एकमत झालं नाही तर तो पुन्हा पकडून आणायचा. १५६ जाती परत आल्याची नोंद त्यांनी केली.

याही आकड्याला वर लावलेली चाळणी लावायला हवी. पकडणाऱ्यांना मासे परत आलेले दाखवायचेच होते, आणि वर्षभर हजारो हात पाण्यात असले की पाहणीला गेलेल्या तुकडीपेक्षा जास्त जाती हाती लागणारच. तरीही नाकारता येणार नाही असं एक उरतं. भिंतीच्या खाली अडलेले मासे दार उघडताच वर गेले. कुणी बीज सोडलं नाही, शिडी सुधारली नाही. मेकाँगमध्ये साठा शिल्लक होता म्हणून हे झालं. तोही संपला असता तर उघड्या दारातून यायला कुणी नव्हतं.

विद्यापीठाने चार पर्याय तपासले आणि दरवाजे आणखी पाच वर्षं बारमाही उघडे ठेवावेत अशी शिफारस केली. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं: वर्षातले चार महिने उघडे, आठ महिने बंद. वीजही, मासेही.

ऐकायला हा मध्यम मार्ग आहे. माशांच्या बाजूने पाहिलं तर चार महिने कुठले, हाच वांधा. पावसाच्या पहिल्या पाण्यापासून उघडले तर चढण साधते, पण पावसाळा संपल्यावर उतरणाऱ्यांना दार बंद. उशिरा उघडले तर पहिल्या लाल पाण्यावर आलेला मासा भिंतीला टक्कर देत बसतो आणि अंडी पोटात घेऊन थांबणं त्याला फार दिवस जमत नाही. आणि उन्हाळ्याच्या तोंडावरची सोईची फेरी तर कुठल्याच चार महिन्यांत बसत नाही. म्हणून २००२ नंतर दरवर्षी वाद होत राहिला तो तारखांचा. दारं कधी उचलायची हे ठरवणारी समिती कधी पाण्याची पातळी पाहते, कधी विजेची मागणी, कधी वरच्या शेतकऱ्यांचे पंप. कारण मधल्या वर्षांत फुगवट्याच्या पाण्यावर अवलंबून राहणारेही लोक तयार झाले. त्यांना दारं बंद हवीत. एकाच गावात दोन बाजू पडल्या, आणि दोन्हींची गरज खरी.

दरम्यान एगॅटने वीज बाहेरून घ्यायला सुरुवात केली होती. लाओसमध्ये मेकाँगच्या मुख्य पात्रावर सायाबुरी धरण ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झालं. क्षमता १,२८५ मेगावॅट, आणि जवळपास सगळी वीज एगॅट विकत घेतं. तिथे माशांसाठी शिडीच्या जोडीला, बोटी वर चढवतात तसा पाणी भरून मासे वर उचलणारा दारांचा हौद आहे, खाली येणाऱ्या माशांसाठी वेगळी सोय आहे, आणि पाक मूनच्या शिडीच्या कितीतरी पट पैसा त्यावर खर्च झाला आहे. मूनच्या काठावरची माणसं आता दोन पाण्यांकडे बघतात: एक धरणाची दारं कधी उचलली जातात तिकडे, आणि दुसरं मेकाँगकडे, कारण दारं उचलल्यावर आत यायचा मासा तिथूनच यायचा आहे.